अफगाणांच्या इतिहासातून अफगाणांनाच वजा करू नका

रोनाल्ड रेगन यांचा तो फोटो तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असेल. व्हाइट हाउसमधली खोली, पगड्या बांधलेली दाढीवाली माणसं आणि त्यांच्यासोबत बसलेले अमेरिकेचे अध्यक्ष. खाली ओळ असते : ‘तालिबानच्या नेत्यांना भेटताना रेगन. हे लोक आमच्या राष्ट्रनिर्मात्यांच्या तोडीचे आहेत, असं ते म्हणाले होते.’ ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पुन्हा तालिबानच्या हाती गेलं तेव्हा हा फोटो मोहल्ल्याच्या ग्रुपवर फिरला, पुरोगामी मित्रांच्या ग्रुपवर फिरला, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या लोकांनी तो एकमेकांना पाठवला.

फोटो खरा आहे, २ फेब्रुवारी १९८३ चा. त्यात तालिबान नाही, कारण तालिबान कंदहार भागात उभी राहिली १९९४ मध्ये. पाहुण्यांमध्ये एक स्त्री आहे, आणि बोलणं चाललं होतं सोव्हिएत फौजांनी केलेल्या अत्याचारांबद्दल. राष्ट्रनिर्मात्यांचं वाक्य तर रेगन यांनी १९८५ मध्ये निकाराग्वाच्या काँट्रा बंडखोरांबद्दल काढलं होतं. वेगळा देश, वेगळं युद्ध.

तारखांची चूक दुरुस्त करून हा विषय मिटला असता तर मी लिहायला बसलो नसतो. त्या फोटोमागे एक गोष्ट आहे आणि ती गोष्ट आपल्या समाजात जवळजवळ श्रद्धेसारखी मानली जाते. अमेरिकेने सापळा लावला, रशिया त्यात अडकला, अमेरिकेने जिहादी तयार केले, काम झाल्यावर फेकून दिले, मग तेच उलटले. या गोष्टीत क्रियापदं सगळी अमेरिकेची, थोडी रशियाची. अफगाण माणूस फक्त कर्मणी प्रयोगात येतो : त्याला शिकवलं गेलं, वापरलं गेलं, मारलं गेलं. दीड कोटीच्या आसपास वस्तीच्या एका देशात कुणी स्वतःहून काही केलंच नाही?

गंमत अशी की ज्यांना आपण साम्राज्यवादी इतिहासकार म्हणतो त्यांचीही मांडणी बरीच अशीच आहे. जॉन लुईस गॅडिस हे शीतयुद्धाचे अमेरिकेतले सर्वात मान्यवर अभ्यासक. १९८६ मध्ये त्यांनी एक गाजलेला निबंध लिहिला आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळाला ‘द लाँग पीस’, म्हणजे प्रदीर्घ शांतता, असं नाव दिलं. दोन महासत्तांमध्ये थेट युद्ध झालं नाही, त्याची कारणं काय, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. पण निबंध छापून आला त्या वर्षी अफगाणिस्तानातलं युद्ध सातव्या वर्षात होतं, त्याच वर्षी मुजाहिदीनांच्या हाती स्टिंगर क्षेपणास्त्रं पडली, आणि लाखो अफगाण पाकिस्तान व इराणच्या छावण्यांत तंबू ठोकून बसले होते. कोरिया आणि व्हिएतनाममधले मृतदेह तर त्याआधीच मोजून झाले होते. शांतता कोणाची, हे नावातच विचारायला हवं होतं. पुढे ऑड आर्ने वेस्टॅड यांनी २००५ मध्ये ‘द ग्लोबल कोल्ड वॉर’ लिहून आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेला शीतयुद्धाच्या मध्यभागी आणलं. पॉल थॉमस चेंबरलिन यांनी २०१८ मध्ये ‘द कोल्ड वॉर्स किलिंग फील्ड्स’ या पुस्तकात त्या शांततेचं रक्त दाखवलं. म्हणजे इतिहासकार पुढे सरकले. आपण मात्र बुद्धिबळाच्या पटापाशीच थांबलो आहोत. एवढंच की त्यांच्या पटावर अमेरिका नायक होती आणि आपल्या पटावर खलनायक. प्यादं दोन्हीकडे प्यादंच.

आता तो सापळा बघू. त्याचा सगळा आधार म्हणजे झबिग्न्यू ब्रेझिन्स्की यांची एक मुलाखत. हे कार्टर यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. जानेवारी १९९८ मध्ये एका फ्रेंच साप्ताहिकात त्यांच्या नावावर असं छापून आलं की ३ जुलै १९७९ ला कार्टर यांनी अफगाण बंडखोरांना गुप्त मदत मंजूर केली तेव्हाच आपण बजावलं होतं की यामुळे रशिया सैन्य घुसवेल. आणि रशियाला अफगाण सापळ्यात ओढणं ही उत्तम कल्पना होती. सोव्हिएत संघ कोसळून सहा वर्षं झाल्यावर केलेली ही बढाई. विजय मिळाल्यावर प्रत्येक सरदार सांगतो की योजना माझीच होती.

कागद काय सांगतात? त्या जुलैची मंजुरी सात लाख डॉलरच्याही आतली होती आणि तीत शस्त्रं नव्हती. सोव्हिएत फौजा उतरल्यानंतर २६ डिसेंबर १९७९ ला याच ब्रेझिन्स्कींनी कार्टर यांना टिपण पाठवलं, त्याचा सूर सापळा यशस्वी झाल्याचा नाही, चिंतेचा आहे. अफगाणिस्तान हे रशियाचं व्हिएतनाम ठरेल अशा भ्रमात राहू नका, असं ते त्यात बजावतात. कॉनर टोबिन यांनी २०२० मध्ये ‘डिप्लोमॅटिक हिस्टरी’ या नियतकालिकात ही सगळी कागदपत्रं तपासून सापळ्याच्या गोष्टीला दंतकथा म्हटलं. त्यावर वाद जरूर घाला, पण आधी वाचा तरी.

आणि त्याहून बोलका कागद मॉस्कोचा आहे. मार्च १९७९ मध्ये हेरात शहर कम्युनिस्ट सरकारविरुद्ध उठलं. तिथली लष्कराची तुकडीच बंडखोरांना मिळाली. १८ मार्चला अफगाण अध्यक्ष नूर मुहम्मद तराकी आणि सोव्हिएत पंतप्रधान अलेक्सी कोसिगिन यांचं फोनवर बोलणं झालं. त्या संभाषणाचं टिपण आज कुणालाही वाचता येतं. तराकी म्हणतात, हेरात हातचं जाणार, सैन्य पाठवा. कोसिगिन विचारतात, शहरातले कामगार तुमच्या बाजूने नाहीत का? तराकी सांगतात की कामगार आहेतच थोडे. मग ते एक युक्ती सुचवतात : तुमच्याकडचे ताजिक, उझबेक, तुर्कमेन सैनिक अफगाण वेशात रणगाड्यांवर बसवून पाठवा, कोणी ओळखणार नाही. कोसिगिन उत्तर देतात की असं लपत नसतं, दोन तासांत जगाला कळेल. दोन दिवसांनी तराकी स्वतः मॉस्कोत गेले, तेव्हाही नकार. कोसिगिन यांनी त्यांना व्हिएतनामचं उदाहरण दिलं, की त्यांनी लढायला परकं सैन्य कधी मागितलं नाही.

हे टिपण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ तिथेच अडकलो होतो. इथे लहान राष्ट्राचा प्रमुख महासत्तेची बाही धरून तिला आपल्या अंगणात ओढतो आहे, स्वतःच्याच शहरावर तिचे रणगाडे चालवून मागतो आहे, आणि महासत्ता अजून मागे सरते आहे. ज्याला आपण कळसूत्री बाहुली म्हणतो, दोरी त्याच्याही हातात होती. सप्टेंबरमध्ये तराकींना त्यांच्याच सहकाऱ्याने, हाफिझुल्ला अमीनने, सत्तेवरून काढलं आणि पुढच्या महिन्यात त्यांचा जीव घेतला. मग अमीननेही सोव्हिएत सैन्य वारंवार मागितलं. शेवटी ते आलं आणि २७ डिसेंबरला त्याच सैन्याने अमीनला त्याच्या महालात ठार केलं.

का आलं? एक मोठं कारण असं की केजीबीला संशय होता, अमीन आतून अमेरिकेकडे वळतो आहे. माणूस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, अमेरिकी मुत्सद्द्यांना भेटणारा. झालं, एवढं पुरलं. ‘सगळ्यामागे अमेरिका’ हा सिद्धांत आपल्या ग्रुपवर जन्मला नाही, क्रेमलिनमध्येही तो मानला जात होता. तिथे तो मानला गेल्याचा परिणाम म्हणजे नऊ वर्षांचं युद्ध.

या सगळ्याच्या आधीचं एक पान तर दोन्ही गोष्टींतून फाडून टाकलेलं आहे. २७ एप्रिल १९७८ ला कम्युनिस्ट अधिकाऱ्यांनी अध्यक्ष दाऊद यांना कुटुंबासकट मारून सत्ता घेतली. तिथून सोव्हिएत सैन्य येईपर्यंतच्या वीस महिन्यांत या राजवटीने आपलेच लोक उचलून नेले. मौलवी, शिक्षक, विद्यार्थी, दुकानदार, शेतकरी, आणि त्यांच्याच पक्षाचे विरोधी गटातले लोक. काबूलजवळच्या पुल-ए-चर्खी तुरुंगातून हजारो माणसं परत आली नाहीत. घरच्यांना काहीच कळवलं नव्हतं. बायका आणि आया वर्षानुवर्षं वाट बघत राहिल्या. २०१३ मध्ये एका युद्धगुन्ह्याच्या तपासात नेदरलँड्सच्या सरकारी वकिलांच्या हाती मृतांच्या याद्या लागल्या आणि त्यांनी त्या प्रसिद्ध केल्या. जवळजवळ पाच हजार नावं. माणसाचं नाव, बापाचं नाव, धंदा, आणि आरोप : कुणी इख्वानी, कुणी खोमेनीवादी, कुणी माओवादी. अफगाण सरकारने दोन दिवसांचा दुखवटा पाळला. चौतीस वर्षांनी फातेहा पढायला एक तारीख मिळाली. ही कत्तल घडली तेव्हा देशात सोव्हिएत सल्लागार होते, आणि राजवट त्यांच्या मदतीवर जगत होती, ही त्यांची जबाबदारी आहेच. पण याद्या काबूलमध्ये बनल्या, सह्या अफगाणांच्या होत्या.

मी सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे. रात्री यंत्रणा बंद पडली की सकाळी कारण लिहून द्यावं लागतं. सर्वात सोयीचं कारण म्हणजे ‘बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये बिघाड’. ते बहुतेक वेळा खोटंही नसतं! बाहेर बिघाड झालेलाच असतो. पण मग आपली यंत्रणा तेवढ्याने कोसळली का, हा प्रश्न त्या एका ओळीखाली गाडला जातो आणि पुढच्या महिन्यात तीच रात्र पुन्हा येते. दुसरी अडचण नोंदींची. ज्या यंत्रांनी नोंदी ठेवल्या, दोष त्यांच्यातच सापडतो. ज्यांनी ठेवल्या नाहीत, ती निर्दोष दिसतात. शीतयुद्धाच्या इतिहासाचं नेमकं हेच झालं आहे. वॉशिंग्टनचे कागद खुले झाले, १९९१ नंतर मॉस्कोचे काही काळ आणि काही अंशी खुले झाले. काबूलची दप्तरं अभ्यासकांच्या हाती फारच थोडी. म्हणून इतिहास तिथे लिहिला गेला जिथे फायली होत्या. यात कटकारस्थान कुणाचं नाही. पण फाइल नाही म्हणून माणूसही नव्हता, असं समजणारा वाचक आळशी आहे.

कोणी म्हणेल, हा तर अमेरिकेची वकिली करतोय. नाही भाऊ. अमेरिकेने अब्जावधी डॉलर ओतले, सौदी राजवटीने तेवढेच घातले, वाटप पाकिस्तानच्या आयएसआयच्या हाती दिलं आणि सर्वात मोठा वाटा गुलबुद्दीन हिकमतयारसारख्या माणसाला गेला, ज्याची ख्याती शत्रूइतकीच सहकाऱ्यांना मारण्याची होती. नेब्रास्का विद्यापीठात अमेरिकी सरकारी पैशाने अफगाण मुलांसाठी पाठ्यपुस्तकं तयार झाली, त्यांत बेरीज-वजाबाकी बंदुका, गोळ्या आणि मारलेले रशियन मोजून शिकवली. सहा-सात वर्षांच्या पोरांना! दुसरीकडे सोव्हिएत विमानांनी गावंच्या गावं ओस पाडली, शेतीच्या जुन्या भूमिगत कालव्यांचीही वाताहत झाली. सोव्हिएत सैनिक मेले सुमारे १५,०००. अफगाण किती मेले याचा रूढ अंदाज दहा लाखांच्या घरातला, आणि पन्नास लाखांहून अधिक निर्वासित. हा हिशेब दोन्ही महासत्तांच्या नावावर कायम राहील. माझं म्हणणं इतकंच की वहीत पुढची पानंही आहेत.

मार्च १९९० चं पान घ्या. रशियन निघून गेलेत, काबूलमध्ये नजीबुल्लांचं सरकार आहे. त्यांचा संरक्षणमंत्री शाहनवाज तनाई, कट्टर कम्युनिस्ट, बंड करतो. कुणाशी हातमिळवणी करून? हिकमतयारशी. देव न मानणारा सेनापती आणि अल्लाहच्या नावाने लढणारा अमीर, दोघे एका सत्तापालटात भागीदार. बंड फसलं, तनाई पाकिस्तानात पळाला. भांडवलशाही विरुद्ध साम्यवाद, इस्लाम विरुद्ध नास्तिकता, या सगळ्या झुली अंगावरून उतरवल्यावर आत काय होतं ते या एका युतीने दाखवलं.

मग सप्टेंबर १९९१ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघाने ठरवलं की १ जानेवारी १९९२ पासून दोघेही शस्त्रं द्यायची थांबवणार. डिसेंबरात सोव्हिएत संघच उरला नाही. एप्रिलमध्ये नजीबुल्ला पडले. म्हणजे आपल्या लाडक्या सिद्धांताची यापेक्षा चांगली परीक्षा मिळणार नाही : दोन्ही महासत्ता पटावरून उठून गेल्या, आता काय होतं ते बघा. काबूल, जे सोव्हिएत काळात बरंचसं उभं राहिलं होतं, ते पुढच्या चार वर्षांत मुजाहिदीनांनी जमीनदोस्त केलं. हिकमतयारने त्यावर रॉकेटांचा पाऊस पाडला. १९९३ मध्ये तो त्याच सरकारचा पंतप्रधान ठरला, आणि १९९४ च्या पहिल्याच दिवशी दोस्तम या नजीबुल्लांच्या जुन्या सेनापतीला सोबत घेऊन त्याने पुन्हा राजधानीवर हल्ला चढवला. फेब्रुवारी १९९३ मध्ये अफशार या हजारा वस्तीत मसूद आणि सय्याफ यांच्या फौजा घुसल्या. कत्तल, बलात्कार, लूट. मारणारे कलमा पढणारे होते, मरणारेही. पाकिस्तान, इराण आणि सौदी यांचे हात त्यात होते, हे खरं, पण ते तरी कोणते काफिर होते?

इथे आपण गप्प होतो. मुसलमान मुसलमानाला असं मारूच शकत नाही, मारलं असेल तर मागे कोणीतरी आहे, ही समजूत आपल्याला हवीहवीशी वाटते कारण तिने उम्मतचं चित्र शाबूत राहतं. किंमत कोण देतं? अफशारच्या विधवा देतात. त्यांचा गुन्हेगार आपण वॉशिंग्टनला पाठवून देतो आणि इथे मसूदचे पोस्टर, तिथे हिकमतयारच्या जिहादाचे किस्से चालू ठेवतो. ऐंशीच्या दशकात आपल्याकडच्या सभांमध्ये अफगाण जिहादाचे गोडवे गाणारे आणि आज ‘तो तर अमेरिकेचा प्रकल्प होता’ म्हणणारे, यांत मधला एक प्रश्न कुणी विचारला नाही : गोडवे गात होतो ते आपण कोणाच्या सांगण्यावरून?

डाव्या मित्रांनीही फार हसू नये. जानेवारी १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत परकी सैन्य मागे घ्या या ठरावाला १०४ देशांनी पाठिंबा दिला, भारत तटस्थ राहिला. तेव्हा आपल्याकडच्या अनेक पुरोगाम्यांना अफगाण शेतकऱ्याचा राग ‘सरंजामी प्रतिक्रिया’ वाटला. साम्राज्यवादविरोध फक्त एकाच साम्राज्याचा असतो, असं त्या काळी बऱ्याच जणांनी धरलं होतं.

आणि मित्रहो, भारतातल्या मुसलमानाने तरी ही भाषा वापरावी का? आपण मोर्चा काढला की पहिला प्रश्न येतो, पैसा कुठून आला. आपल्या मुली शाळेच्या दारात उभ्या राहिल्या की विचारतात, शिकवलं कोणी. तुमचा रिमोट कुठेतरी दुसरीकडे आहे, हे ऐकून आपलं रक्त उसळतं, कारण त्या वाक्यात आपली अक्कल, आपला राग, आपलं नागरिकत्व सगळं एका झटक्यात काढून घेतलेलं असतं. मग तेच वाक्य आपण एका अख्ख्या देशाबद्दल बोलतो आणि त्याला सहानुभूती म्हणतो.

ज्या अफगाणांना स्वतःची अक्कल होती त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, ही त्या इतिहासाची सर्वात वाईट बाजू. मीना केश्वर कमाल यांनी १९७७ मध्ये काबूलमध्ये स्त्रियांची संघटना काढली. त्या सोव्हिएत फौजांविरुद्ध बोलल्या आणि कट्टर मुजाहिदीनांविरुद्धही. ४ फेब्रुवारी १९८७ ला क्वेट्ट्यात त्यांचा खून झाला. सय्यद बहाउद्दीन मजरूह हे काबूल विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि कवी. पेशावरमध्ये त्यांनी अफगाण माहिती केंद्र चालवलं. दोन्ही बाजूंच्या प्रचाराला कंटाळलेले परदेशी पत्रकार खरी बातमी घ्यायला त्यांच्याकडे जात. १९८७ मध्ये त्यांनी एक साधी गोष्ट केली, जी वॉशिंग्टनने केली नव्हती, मॉस्कोने केली नव्हती आणि पेशावरच्या सात जिहादी पक्षांनी तर मुळीच केली नव्हती. त्यांनी छावण्यांतल्या दोन हजारांवर निर्वासितांना विचारलं की उद्या देश मोकळा झाला तर प्रमुख कोण हवा. सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी सांगितलं, रोममध्ये राहणारा जुना राजा जहीर शाह. ज्या सात पक्षांच्या नावाने कोट्यवधी डॉलर येत होते, त्यांच्या नेत्यांना लोकांनी फारसं विचारलंच नाही.

पाहणी छापून आली. ११ फेब्रुवारी १९८८ च्या संध्याकाळी मजरूह यांना पेशावरमध्ये त्यांच्या घरी गोळ्या घालून मारलं. दोन महिन्यांनी, १४ एप्रिलला, जिनिव्हात करार झाला. त्यावर सह्या अफगाण आणि पाकिस्तानी सरकारांच्या, हमीदार म्हणून अमेरिका आणि सोव्हिएत संघाच्या. छावणीतल्या त्या दोन हजार माणसांचं मत कुणाच्याही फाइलमध्ये नव्हतं.